परदेशी शिक्षणाचा खर्च : आधी दाखला, मग तिकीट



मागच्या जूनमध्ये आमच्या वसतिगृहाची एक माजी विद्यार्थिनी कार्यालयात आली. कन्नड तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवरची मुलगी. आईवडील ऊसतोडीला जातात. तिने इथे छत्रपती संभाजीनगरला राहून एम.एस.डब्ल्यू. केले आणि मग दोन वर्षे एका संस्थेत कुपोषणाच्या कामावर होती. हातातला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, इंग्लंडची अॅडमिशन झाली. आता फक्त पैसे भरायचेत."

त्या 'फक्त' शब्दाची मला धडकीच भरली. कारण दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर असाच एक मोबाईल माझ्यापुढे आला होता, आणि तेव्हा मी केलेली चूक या पत्रिकेत आजवर लिहिलेली नाही. ज्या मंडळ्यांनी तेव्हा अर्पण दिले, त्यांना हिशेब कळायला हवा. म्हणून ती आधी सांगते आणि मग खर्चाच्या विषयाकडे वळते.

तेव्हाचा विद्यार्थी धडगावकडचा पावरा समाजाचा, अतिशय हुशार. त्यालाही इंग्लंडच्या एका विद्यापीठाचे पत्र आले होते. जागा पक्की करायला २,००० पौंड ठेव भरायची होती आणि मुदत होती तीन आठवडे. आम्ही चार मंडळ्यांत आवाहन केले. लोकांनी मोठ्या मनाने दिले. एका विधवा भगिनीने शेळी विकून आलेले पैसे पाकिटात घालून आणले. दोन लाखांच्या वर रक्कम जमली आणि आम्ही ती भरून टाकली. बाकीचे सरकारी शिष्यवृत्तीतून होईल, असे मी सगळ्यांना सांगितले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा कळले, की मुलाकडे जातीचा दाखला आहे पण वैधता प्रमाणपत्र नाही. ते वेळेत मिळाले नाही. व्हिसासाठी खात्यावर दाखवायची रक्कम आमच्याकडे नव्हती, म्हणून व्हिसाचा अर्जच करता आला नाही. व्हिसा नाकारला गेला तर पुष्कळ विद्यापीठे ठेव परत करतात, पण विद्यार्थी स्वतःहून मागे फिरला तर करत नाहीत. ही अट पत्राच्या शेवटी लिहिलेली होती, मी ती वाचली नव्हती. पैसे गेले. मुलगा आज तालुक्याच्या गावी कंत्राटी नोकरी करतो. माझ्याशी तो नीट बोलतो, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

म्हणून या वेळी मी मुलीला बसवले, चहा मागवला आणि एक कोरा कागद घेतला.

कागदावरचे आकडे

बहुतेक मुले विद्यापीठाची फी हाच खर्च समजतात. तिच्या विषयाची एका वर्षाची फी १८,००० पौंड होती. लंडन सोडून एखाद्या मध्यम शहरात काटकसरीने राहायचे तरी खोली, जेवण, बस, फोन मिळून महिना हजार पौंड धरावे लागतात. म्हणजे वर्षाचे १२,०००. व्हिसाची फी तेव्हा ५२४ पौंड होती. तिथल्या सरकारी दवाखान्यांचा लाभ मिळावा म्हणून विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच घेतात. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, त्यामुळे हा अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. बेरीज झाली ३१,६८८ पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला तर साडेछत्तीस लाखांच्या आसपास.

मुलगी गप्प झाली. तिने आयुष्यात एवढा आकडा फक्त पंचायतीच्या फलकावर पाहिला होता.

यात निघण्याआधीचा खर्च धरलेलाच नाही, आणि आदिवासी घरातल्या मुलाची वाट खरे तर तिथेच अडते. पासपोर्टचे १,५०० रुपये. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार, आणि एखाद्या भागात अर्धा गुण कमी पडला की पुन्हा तेवढेच. विद्यापीठातून गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती काढायच्या. इंग्लंडसाठी ठरावीक केंद्रातच टीबीची तपासणी करावी लागते, त्यासाठी मुंबईची एक फेरी. व्हिसा केंद्राची आणखी एक फेरी. विमानाचे तिकीट, एक चांगली बॅग, थंडीचे कपडे. तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्याचे भाडे आणि खोलीची अनामत. मोठ्या शिष्यवृत्त्या फी देतात, राहण्याचे देतात, बऱ्याचदा विमानभाडेही देतात. पण निवड होण्याआधी जो लाख-सव्वा लाख हातचा जातो, तो सहसा कोणीही देत नाही. ज्याच्या घरी तो नाही, तो अर्जापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी गोष्ट पैसे दाखवण्याची. इंग्लंडच्या व्हिसाला राहण्याच्या खर्चाची ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यावर असावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा लंडनबाहेर महिना १,१३६ पौंड आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड, असा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा ठरला होता. तो अधूनमधून वाढवला जातो. शिवाय फीची जी रक्कम भरायची राहिली असेल, तीही दाखवावी लागते. इथेच काही एजंट सांगतात, की महिनाभर कोणाकडून तरी पैसे उसने घेऊन खात्यावर ठेवा, आम्ही व्यवस्था करतो, त्यावर एवढे टक्के. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. खोटे दाखवून व्हिसा मिळाला तरी तिथे गेल्यावर भाडे कशाने भरणार? सरकारी शिष्यवृत्ती असेल तर सरकारचे अधिकृत पत्रच व्हिसासाठी पुरावा म्हणून चालते, खात्यावर लाखो रुपये लागत नाहीत. गरीब घराला हा फार मोठा आधार आहे.

इंग्लंड म्हणजेच परदेश असेही नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, फक्त सत्राचे थोडे शुल्क असते. बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पण जर्मनीच्या व्हिसाला वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. पैसे आपलेच राहतात, पण आधी ते असावे तर लागतात ना! ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये हाच आकडा २९,७१० डॉलरवर नेला. विज्ञानाच्या मुलांना मी अमेरिकेच्या पीएच.डी.ची वाट आवर्जून सांगते. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम देऊन फी माफ करतात आणि वर मासिक मानधन देतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी गावचे डॉ. भास्कर हलामी यांचे नाव तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. आश्रमशाळेत शिकलेला हा आदिवासी मुलगा नागपूरला एम.एस्सी. झाला, काही काळ नागपुरात शिकवले आणि मग मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला गेला. आज ते अमेरिकेत औषध संशोधनात आहेत. मास्टर्सला स्वतःचे पैसे घालण्यापेक्षा इथेच एम.एस्सी. चांगली करून थेट पीएच.डी.ला जाणे, हा गरीब घरासाठी कितीतरी शहाणपणाचा हिशेब आहे.

दाखल्याचे काम मंडळीनेही करावे

आता ज्या गोष्टीमुळे आमचे दोन लाख गेले, तिच्याबद्दल सविस्तर.

मंडळ्यांमध्ये अजून एक गैरसमज घट्ट आहे, की ख्रिस्ती झालो म्हणजे आदिवासींच्या सवलती गेल्या. असे नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अटच नाही. भिल्ल ख्रिस्ती, कोकणा ख्रिस्ती किंवा कोरकू ख्रिस्ती कायद्याने अनुसूचित जमातीचाच असतो. आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांत दोन्ही प्रकारची कुटुंबे शेजारी शेजारी बसतात, म्हणून हा घोळ होतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो, आणि एखादा पालक भीतीने शाळेत मुलाची जमातच सांगत नाही.

तिथून पुढची अडचण सुरू होते. प्रांताधिकाऱ्यांचा दाखला आणि तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात २००० साली झालेल्या कायद्याप्रमाणे ही पडताळणी होते. आपल्या भागासाठी अनुसूचित जमातींची समिती इथेच, छत्रपती संभाजीनगरला आहे. समिती जुने कागद पाहते. १९५० च्या आधीची नोंद सापडली तर तिचे वजन सर्वांत जास्त. आजोबांचा, पणजोबांचा, चुलत घराण्यातल्या कोणाचा शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे कागद. चालीरीती, देवदेवके, बोली यांवरूनही विचारतात. आत्मीयता चाचणी हाच एकमेव निकष मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती मुलाला कुलदैवत सांगता आले नाही, तर कागदांचे महत्त्व आणखी वाढते.

आणि हे कागद पुष्कळदा आपल्याकडेच असतात! जुन्या मिशन शाळांच्या नोंदवह्या, बाप्तिस्म्याच्या वह्या. काही ठिकाणी त्यांत नुसते 'नेटिव्ह ख्रिश्चन' लिहिले आहे, त्याचा उपयोग नाही, उलट त्रास. पण काही पाळकांनी आणि गुरुजींनी जमातीचे नावही लिहून ठेवले आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सरकारी नोंदी उर्दूत सापडतात. त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे लागते. या मुलीच्या चुलत आजोबांची १९४६ सालची नोंद आम्हाला एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या वहीत मिळाली. वही एका मंडळीच्या कपाटात, जुन्या गीतपुस्तकांखाली होती आणि वाळवीने कडेची पाने खाल्ली होती. पाळकसाहेबांनी ती शोधायला दोन दिवस घातले.

पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की मूल बारावीत आले की वैधतेची फाइल घाला. परदेशाचा विचार नसला तरी चालेल, नोकरीला लागतेच.

पैसे कोठून येतात

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला २० जागा. त्यांतल्या ३ विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी, म्हणजे आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ३० टक्के जागा मुलींसाठी. ती मास्टर्स, पीएच.डी. आणि त्यापुढच्या संशोधनाला मिळते, बारावीनंतरच्या पदवीला नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत हवे, वय ३५ च्या आत. फी सरकार भरते, विमानभाडे देते. राहण्यासाठी इंग्लंडला वर्षाला ९,९०० पौंड, अमेरिका आणि इतर देशांना १५,४०० डॉलर. आमच्या कागदावर राहण्याचे १२,००० पौंड होते. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तरी दोन हजारांच्या वर पौंडांची तूट राहते. ती तिथे आठवड्याला ठरावीक तास काम करून भरता येते. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना पदवी शिक्षणाच्या विद्यार्थ्याला २० तासांची मुभा आहे. पण पहिल्या दिवसापासून काम मिळेल असे धरून चालू नये.

देशभरातून २० म्हणजे फार थोड्या जागा, हे खरे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. ते कार्यालय आपल्या शहरातही आहे. वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान, तिन्ही तिथे लागतात. हे तिसरे नीट लक्षात ठेवा. एजंट फुकट सल्ला देतो, कारण त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळते. ज्या विद्यापीठाचे कमिशन जास्त, तिथली ऑफर तो आठवड्यात आणून देतो, आणि ते विद्यापीठ नेमके शिष्यवृत्तीच्या क्रमवारीबाहेर असते. त्या वर्षीची जाहिरात आधी वाचावी, क्रमवारीची मर्यादा पाहावी आणि मग विद्यापीठ निवडावे. आमच्या पावरा मुलाच्या वेळी तेही उलटेच झाले होते.

जातीजमातीशी संबंध नसलेल्या, सर्वांना खुल्या शिष्यवृत्त्यांकडे आपली मुले बघतच नाहीत. इंग्रजी येत नाही, आपल्याला कोण देणार, असे म्हणतात. पण ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्सचा जवळजवळ सगळा खर्च देते. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. गावात काम केलेल्या मुलामुलींना सांगण्यासारखे जे असते, ते तिथे मोलाचे ठरते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भटक्या समाजातून आलेले राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर २०२१ मध्ये लंडनला गेले. त्यांची एकलव्य ही संस्था आता पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अर्जासाठी मार्गदर्शन करते. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. युरोपात इरॅस्मस मुंडस आहे, तिच्यात फीशिवाय महिना १,४०० युरो मिळतात. जर्मनीची डाड, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू. ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग या तीन विद्यापीठांसाठी फेलिक्स. चीव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, म्हणजे जाण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी. जूनमध्ये ऑफर घेऊन सप्टेंबरला जायचे म्हणणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही.

ज्या ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जमातीचा लाभ नाही, त्यांच्यासाठी केंद्राची 'पढो परदेश' ही व्याज सवलतीची योजना होती. २०२२-२३ पासून ती बंद झाली. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते, पण परदेशाच्या खर्चापुढे ती रक्कम लहान पडते.

कर्जाबद्दल

बँकेचे शैक्षणिक कर्ज सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात. आदिवासी घराकडे तारणाला काय असते? जमीन. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पूर्वी झालेल्या लुबाडणुकीमुळे हा कायदा झाला आणि तो योग्यच आहे. पण अशी जमीन लिलावात काढणे अवघड, म्हणून बँक तिच्यावर मोठे कर्ज द्यायला कचरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसाला जातो, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग कुटुंब सावकाराकडे किंवा नातेवाइकांच्या हमीकडे वळते.

समजा वीस लाख मिळालेच. अकरा टक्क्यांनी, दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या पुढे जातो, आणि शिक्षणाच्या काळातले व्याज वेगळेच. समाजकार्याची पदवी घेऊन परत आलेल्या मुलीला इथे तेवढा तर पगारही सुरुवातीला मिळत नाही. हप्ता थकला की जामीनदार काकाच्या दारात बँकेचा माणूस. मी स्पष्टच सांगते : शिष्यवृत्ती नसताना एवढे कर्ज काढून एका वर्षाच्या मास्टर्सला जाऊ नये. तांत्रिक शिक्षण असेल, पुढे नोकरीची खात्रीची वाट असेल, तर वेगळा विचार करता येईल. थोडीशी तूट भरायला टाटांच्या जे. एन. टाटा एन्डोमेंटसारखी कर्ज शिष्यवृत्ती बरी. १८९२ पासून ती परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्ज देते आहे.

थांबण्यात कमीपणा नाही. ज्यांनी १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. लंडनचा अभ्यास अर्धा असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये परत यावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला. साठवण, मित्राचे उसने आणि आश्रयदात्याची मदत, असा तीन ठिकाणचा पैसा एकत्र आला तेव्हा ते जमले.

आपल्या मदतीबद्दल

मिशनकडून शिक्षणासाठी मदत मागितल्याचा एक जुना प्रसंग आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत डॉक्टरी शिकायला पाठवायचे म्हणून गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या मिशनरींना पत्र लिहिले होते. उत्तर आले, की ख्रिस्ती व्हायला तयार असाल तर मदत करू. जोशी पतीपत्नींनी नकार दिला. पण वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मिशनच्या मासिकात छापला, तो न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला, आणि त्यांनी काही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी राहायला बोलावले. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या तेव्हा त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकल्या होत्या. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट कॉलेजात त्यांनी भाषण केल्यावर वर्गण्या येऊ लागल्या, व्हाइसरॉयांनीही २०० रुपये दिले. मिशनच्या अटीने दार लावले आणि मिशनच्याच मासिकाच्या एका वाचक बाईने ते उघडले. आपल्या निधीच्या अर्जात धर्माचा रकाना नाही, तो याच कारणाने. आपण मदत केलेल्या मुलांत ख्रिस्ती आहेत आणि नाहीतही.

आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने वारल्या. तिथली थंडी आणि खाण्याचे हाल त्यांच्या जिवावर बेतले. म्हणून अंदाजपत्रकात गरम कपडे आणि पोटभर जेवण या दोन ओळी कापून पैसे वाचवायचे नाहीत, हे मी प्रत्येकाला बजावते.

त्या दोन लाखांनंतर आमच्या समितीने मदतीची पद्धत बदलली. आता आपण विद्यापीठाची फी किंवा ठेव भरत नाही. निघण्याआधीचा इथला खर्च उचलतो : पासपोर्ट, एक आयईएलटीएस, कागदपत्रे, भाषांतर, मुंबईच्या फेऱ्या. एका विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त एक लाख, आणि तेही वैधता प्रमाणपत्र हातात आल्यावरच. ते मिळवायचा खर्च मात्र आधी देतो. निवड झाली तर पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी बिनव्याजी रक्कम देतो, ती शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आला की परत यायची. हप्ता उशिरा येऊ शकतो, म्हणून परतफेडीला सहा महिने. शेळी विकणाऱ्या भगिनीला मी घरी जाऊन सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आता कोणत्या पोराचं चाललंय?"

त्या पोरीचे असे चालले आहे. जूनमध्ये आम्ही ठेव भरली नाही. विद्यापीठाला पत्र लिहून जागा एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. पुष्कळ विद्यापीठे करतात, विचारायला हवे. १९४६ च्या नोंदीसह वैधतेची फाइल घातली आणि प्रमाणपत्र सात महिन्यांनी आले. केंद्राच्या आणि राज्याच्या, दोन्ही शिष्यवृत्त्यांची तयारी ठेवली आहे; लाभ अर्थात एकाचाच घेता येतो. चीव्हनिंगचा अर्ज तिने स्वतः लिहिला, मी फक्त स्वल्पविराम पाहिले. आयईएलटीएसला लेखनात अर्धा गुण कमी पडला, म्हणून रोज संध्याकाळी ती एक निबंध लिहून मला पाठवते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. निकाल काहीही लागो, तिच्या नावावर एक रुपयाही कर्ज नाही.

तिच्या कागदावर 'थंडीचे कपडे' ही ओळ अजून रिकामी होती. मागच्या रविवारी एका मंडळीच्या महिला संघाने तिच्या मापाचा कागद मागवून घेतला. लोकर आली आहे, रंग मात्र तिला विचारायचा राहिला आहे.